बाळाच्या कमरेखालची खळी आणि निळा डाग: दाखवावे की वाट पाहावी?

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. पहिल्या बाळंतपणासाठी मी खानापूर तालुक्यातील माझ्या माहेरी आले आहे. मुलगी आज बारा दिवसांची आहे. ती पूर्ण दिवसांची असून जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते. दूध नीट ओढते, लंगोट भरपूर ओले करते आणि दोन्ही पाय सारख्याच जोराने झाडते. एरवी तक्रार करावी असे काही नाही.

आमच्याकडे न्हाऊ घालायला शेजारच्या काकू येतात. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळाला पालथे घेऊन त्या पाठीला तेल लावत होत्या आणि मध्येच थांबल्या. नितंबांची फट जिथे सुरू होते तिथे, फटीच्या आतच, एक लहानशी खळी आहे. न्हाणीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली ती आम्हाला इतकी खोल वाटली की आईने अंगावरचे पाणीही नीट न टिपता बाळाला उचलले. त्याच वेळी उजव्या कुल्ल्यावर आणि कमरेवर निळसर करडा डाग दिसला. शाई सांडून पुसली तर जसा राहील तसा तो आहे. काकूंचे म्हणणे असे की बाळ पोटात असताना मला कुठेतरी मुका मार लागला असणार. आजीचे म्हणणे असे की सटवाईने चापट मारून बाळाला बाहेर ढकलले, त्याची ही खूण आहे.

आशाताई सातव्या दिवशी आल्या होत्या. त्या कन्नड भाषक आहेत, मराठी समजते पण बोलताना अडखळतात. त्यांनी पाठ पाहून ‘कुळी’ असा शब्द उच्चारला आणि आजी लगेच आमच्या घराण्याची माहिती सांगू लागली. कन्नडमध्ये कुळी म्हणजे खळगा, हे नंतर मला भावाकडून कळले. तोपर्यंत आशाताई पुढच्या घरी गेल्या होत्या. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी मिळालेल्या सुट्टीच्या कागदावर पाठीविषयी एक अक्षरही नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. ही खळी मणक्यापर्यंत गेलेली असू शकते का, आणि हा डाग माराचा आहे का? बेळगावला तातडीने जावे की सहा आठवड्यांच्या लसीपर्यंत थांबावे, हे कोणी जाणकाराने सांगितले तर उपकार होतील.

शहापूरची_मावशी

बाळाचे आणि बाळंतिणीचे अभिनंदन. निळ्या डागाची अजिबात काळजी करू नये. माझ्या तिन्ही मुलांना आणि पाच नातवंडांपैकी चौघांना तो होता, आणि शाळेत जाईपर्यंत सगळ्यांचा गेला. आमच्याकडे त्याला लासे म्हणतात. खळीविषयी मात्र मला अनुभव नाही. तेल तिथे साचू द्यावे की नाही, हे कोणी सांगितले तर मलाही हवे आहे, कारण धाकट्या सुनेचे दिवस भरत आले आहेत.

चिकोडीची_सिस्टर

मी आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून नोकरी केली असून आता निवृत्त आहे. धागाकर्तीने खळीची जागा, बाळाचे पाय आणि लघवी या तिन्ही गोष्टी न विचारता लिहिल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. तरीही चार गोष्टी पाहून कळवाव्यात. पहिली, शिवणाची टेप घेऊन गुदद्वारापासून खळीपर्यंतचे अंतर मोजावे. दुसरी, खळीचे तोंड मसुराच्या दाण्याहून मोठे आहे का ते पाहावे. तिसरी, सकाळच्या उजेडात दोन बोटांनी फट हलकेच उघडून खळीचा तळ कातडीने झाकलेला दिसतो का ते पाहावे. काडी, कापूस किंवा करंगळीचे नख आत घालून कधीही पाहू नये. चौथी, तिथे केसांचा झुपका, गाठ, लाल चट्टा किंवा ओल आहे का ते पाहावे.

आशाताई चौदाव्या दिवशी पुन्हा येतील. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. त्या वेळी हे माप ताई कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांच्या सरकारी कार्डावर, लिहून घ्यावे. (अवांतर: हे कार्ड थोरल्या बहिणीचे नव्हे. ‘तायी’ म्हणजे कन्नडमध्ये आई. मराठी बायका त्याला ताई कार्ड म्हणतात आणि मीही नोकरीभर तेच म्हणत आले.)

दूधगंगा

माफ करा, पण मला वेगळीच शंका आहे. माझे मामा ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर वीस वर्षे आहेत. त्यांना नेमक्या याच जागी गळू होऊन दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी त्या वेळी पायलोनायडल सायनस असे नाव सांगितले होते. जन्मतः खळी असलेल्या बाळाला पुढे हाच त्रास होतो का?

निपाणीकर

मी सहसा येथे लिहीत नाही, पण हा धागा पाहून राहवले नाही. बाळाच्या आईला घाबरवण्याचा हेतू नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या मुलाला जन्मतःच कमरेवर, फटीच्या बरेच वर, मणक्याच्या रेषेवर केसांचा झुपका होता. बाळाच्या खांद्यावर आणि पाठीवर असते ती लव नव्हे, तर लांब, काळे, राठ केस, आणि तेही एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतच. माझ्या आईला तो मारुतीचा अंश वाटला आणि तिने आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला. जिथे बाळंतपण झाले तिथे आम्ही विचारले तेव्हा, लव आहे, गळून जाईल, असे उत्तर मिळाले. आम्ही महिनाभर कणकेचा गोळा फिरवला. खांद्यावरची लव गेली, कमरेवरचा एकही केस हलला नाही.

पाचव्या महिन्यात सर्दीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासून झाल्यावर बाळाला सहज पालथे केले आणि सर्दीचा विषय तिथेच संपला. एमआरआयसाठी बाळाला औषध देऊन झोपवावे लागले. मज्जारज्जूचे टोक असायला हवे त्याहून खाली होते आणि एका जाड, चरबीयुक्त दोऱ्याने खाली खेचलेले होते. दहाव्या महिन्यात मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. मुलगा आज सहा वर्षांचा असून गल्लीत सगळ्यांच्या पुढे पळतो. लघवीची तपासणी मात्र दर वर्षी करून घेतो. आम्हाला खंत आहे ती शस्त्रक्रियेची नव्हे, पहिल्या चार महिन्यांची आहे, कारण तेव्हा साध्या सोनोग्राफीवरही बरेच कळले असते असे नंतर सांगण्यात आले.

बालरोग_बेळगाव

बेळगाव शहरात मी बरीच वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. बाळाला हाताने पाहिल्याशिवाय निदान होत नाही, त्यामुळे पुढचे सारे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

प्रथम खळीविषयी. शंभर नवजात बाळांत साधारण दोन ते चार जणांना अशी खळी असते आणि त्यांतील बहुतेकांना तिचा जन्मभर काही त्रास होत नाही. गर्भाला सुरुवातीच्या आठवड्यांत शेपटी असते आणि आठव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत ती आक्रसून नाहीशी होते. त्या जागी, म्हणजे माकडहाडाच्या टोकाशी, कातडी आतल्या तंतूंना चिकटून राहिली की वरून खळगा दिसतो. एकच खळी, बरोबर मधोमध, गुदद्वारापासून २.५ सेंटिमीटरच्या म्हणजे एका इंचाच्या आत, तोंड ५ मिलिमीटरपेक्षा लहान, तळ दिसणारा आणि आसपासची कातडी निर्मळ, असे सगळे जुळले तर तिला आम्ही साधी खळी म्हणतो. आतमध्ये दोष सापडण्याचे प्रमाण अशा बाळांत इतके कमी असते की तिच्यासाठी नेमाने सोनोग्राफी करण्याची गरज नाही.

खळी फटीच्या वर, पाठीच्या सपाट भागावर असेल, मधली रेषा सोडून बाजूला असेल, एकाहून अधिक खळ्या असतील, तळ दिसत नसेल, किंवा निपाणीकर यांनी वर्णन केले तसा झुपका, मऊ गाठ, शेपटीसारखा कातडीचा लोंबता तुकडा अथवा लाल उंचवटा सोबत असेल, तर हिशेब बदलतो. याचे कारण असे की कातडी आणि मज्जासंस्था दोन्ही गर्भाच्या एकाच बाह्य थरातून घडतात. गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मज्जानलिका मिटून वरच्या कातडीपासून सुटी होते. ही सुटका कुठे अर्धवट राहिली तर तिची खूण वर कातडीवर उमटू शकते. त्यांतील सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे कातडीपासून मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत जाणारी बारीक नळी. तिच्या वाटेने जंतू आत गेले तर मेंदूज्वर होतो, आणि म्हणूनच खळीतून पाणी किंवा पू येणे ही वाट पाहण्याची गोष्ट नाही.

सोनोग्राफीविषयी निपाणीकर यांना सांगण्यात आले ते बरोबर आहे. लहान बाळाच्या मणक्यांच्या मागच्या कमानी अजून कूर्चेच्या असतात, त्यामुळे ध्वनिलहरी त्यांतून आत जातात आणि मज्जारज्जूचे टोक, त्याखालचा दोरा, आतले पाणी, सगळे हलताना दिसते. पहिले तीन महिने हे फार स्पष्ट दिसते. पुढे कमानींचे हाड होत जाते आणि सहा महिन्यांच्या सुमारास ही खिडकी जवळपास बंद होते. मग एमआरआय उरतो आणि तान्ह्या बाळाला त्यासाठी बहुधा औषधाने झोपवावे लागते. म्हणून ज्या बाळाला सोनोग्राफी खरोखर हवी आहे त्याने मोठे होईपर्यंत थांबू नये. मज्जारज्जूचे टोक सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर असते. तिसऱ्याच्या खाली गेलेले दिसले तर पुढचा विचार करावा लागतो.

आता निळा डाग. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक बाळांना तो असतो आणि तो माराचा नसतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भात मज्जानलिकेच्या काठावरून निघून कातडीच्या वरच्या थराकडे प्रवास करतात. त्यांतील काही खालच्या थरातच राहिल्या की त्यांचा काळा-तपकिरी रंग वरून पाहताना निळसर दिसतो, कारण वरची कातडी प्रकाशातील निळा भाग अधिक परत फेकते. हातावरची शीर निळी दिसते, त्यामागेही थोडाफार हाच खेळ आहे. शाळेच्या वयापर्यंत तो बहुतेकांचा फिकट होतो, काहींचा वयात येईपर्यंत टिकतो.

दूधगंगा, तुमच्या मामांचा आजार निराळा आहे. तो बहुधा वयात आल्यानंतर होतो आणि बसून बसून, घर्षणाने, तुटलेले केस कातडीत घुसल्याने होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात जीपवर धक्के खात फिरणाऱ्या सैनिकांना तो इतका झाला की त्याला जीपचा आजार असेच नाव पडले. ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि आपले रस्ते त्या जीपला हार जाणार नाहीत. जन्मजात साध्या खळीचे पुढे तसे गळू होते असे समजण्याचे कारण नाही.

वाचनमात्र

डॉक्टरांचा प्रतिसाद आवडला, पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. माझ्या बहिणीच्या बाळाची खळी वर सांगितलेल्या सगळ्या मापांत बसत होती, तरी सोनोग्राफी करायला लावली. अहवालात मज्जारज्जूच्या टोकाखालच्या दोऱ्यात बारीक पाण्याची पोकळी दिसल्याचे आले आणि घरात महिनाभर सुतकी वातावरण होते. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी ती निरोगी बाळांतही दिसते असे सांगितले. गरज नसलेल्या तपासण्यांचा खर्च आणि मनस्ताप कोणी मोजतो का?

बालरोग_बेळगाव

वाचनमात्र, तुमचा राग मला अस्थानी वाटत नाही. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, बाळाला दुखत नाही, त्यामुळे करून टाकू या असे डॉक्टरालाही वाटते आणि पालकांनाही वाटते. मात्र जिथे पाहिले तिथे काहीतरी दिसतेच. तुम्ही लिहिलेली पोकळी ही तशीच एक निरुपद्रवी गोष्ट आहे. खरे सांगायचे तर माझ्याकडूनही अशी चिठ्ठी कधी कधी लिहिली जाते. बाळाची आजी दारातच उभी राहून, सोनोग्राफी नको कशी म्हणता, असे विचारते आणि बाहेर वीस बाळे ताटकळत असतात. टेप काढून मोजायला एक मिनिट लागते, पण समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात.

सीमोल्लंघन

मूळची उचगावची, सध्या इंग्लंडमध्ये राहते. निळ्या डागाच्या नोंदीविषयी एक अनुभव. माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना पाळणाघरात लंगोट बदलणाऱ्या बाईने त्याच्या कमरेवरचे डाग पाहिले आणि संध्याकाळी मला बाजूला बोलावून अतिशय नम्रपणे विचारले की बाळ कुठे पडले होते का. त्या नम्रतेचा अर्थ कळायला मला क्षणभर लागला आणि मग हातपाय गार पडले. सुदैवाने येथे बाळाच्या आरोग्याची लाल वही असते आणि तिच्यात जन्मानंतरच्या पहिल्याच तपासणीत डागांचे चित्र काढून जागा लिहिलेली होती. ते पान दाखवल्यावर विषय मिटला. मारहाणीची शंका आली की चौकशी करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, त्यामुळे त्या बाईवर माझा राग नाही. ज्यांची मुले पुढे परदेशी, किंवा बंगळुरूच्या पाळणाघरात जाणार आहेत त्यांनी पहिल्या आठवड्यातच उजेडात फोटो काढून ठेवावा आणि डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात.

शहापूरची_मावशी

वर कोणीच या डागाचे इंग्रजी नाव लिहिले नाही, पण आमच्या शेजारणीच्या नातवाच्या कागदावर ‘मंगोलियन स्पॉट’ असे लिहिलेले होते आणि तिच्या जावयाने मोबाइलवर काय वाचले कोण जाणे, मूल मंगोल आहे असे म्हणून घरात रडारड झाली. या नावाचा आणि मतिमंदत्वाचा काही संबंध आहे का?

बालरोग_बेळगाव

काहीही संबंध नाही, आणि हा गैरसमज मी आजही ऐकतो. एर्विन बेल्त्स नावाचे जर्मन डॉक्टर १८७६ पासून टोकियोत शिकवत होते. तिथल्या बाळांच्या कमरेवर त्यांना हे डाग दिसले आणि १८८५ मध्ये त्यांनी त्यांना मंगोल वंशाची खूण ठरवून हे नाव दिले. वंशाचा तो तर्क टिकला नाही. आफ्रिकेतल्या, भारतातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या बाळांनाही डाग असतात. दुसरीकडे डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना त्याच काळात मंगोल म्हटले जाऊ लागले होते. तो शब्द १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने सोडला, पण आपल्याकडच्या बोलण्यात तो अजून रेंगाळतो. त्यामुळे एकाच शब्दाच्या दोन जुन्या चुका एका कागदावर येऊन भेटतात. मी स्वतः आता ‘जन्मजात निळा डाग’ असेच लिहितो.

पूर्णतेसाठी एक गोष्ट जोडतो. डाग छातीपोटावर, हातापायांवर असे फार विस्तीर्ण आणि गडद असतील, वयाबरोबर फिके होण्याऐवजी पसरत असतील आणि सोबत बाळाची वाढ खुंटलेली किंवा यकृत-प्लीहा वाढलेली असेल तर चयापचयाच्या काही दुर्मीळ आजारांचा विचार करावा लागतो. केवळ कमरेवरच्या डागासाठी हे वाक्य लक्षात ठेवू नये.

दूधगंगा

माराचा डाग आणि हा डाग घरच्या घरी ओळखता येतो का?

चिकोडीची_सिस्टर

येतो, आणि त्यासाठी फक्त आठवडाभराचा धीर लागतो. माराचे रक्त साकळले की ते जांभळे, मग हिरवट, मग पिवळे होत जाते आणि दाबले तर बाळ कळवळते. जन्मजात डाग आठ दिवसांनी पाहिला तरी तसाच निळा असतो, दुखत नाही आणि बोटाने दाबल्यावर रंग बदलत नाही. तिसरा एक प्रकार असतो, गुलाबी किंवा विटकरी सपाट चट्टा. तो बहुधा मानेच्या मागे, पापण्यांवर आणि कधी कमरेखालीही असतो. दाबला की पांढरा पडतो, बाळ रडले की लालबुंद होतो. पापणीवरचा वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा अनेकांचा मोठेपणीही केसांखाली असतोच. माझ्याही मानेवर आहे, असे माझ्या वेण्या घालणारी आई सांगत असे.

याच्याहून वेगळा तो फुगीर लाल डाग. तो जन्मतः नसतो किंवा पुसट असतो, दोन-तीन आठवड्यांत स्ट्रॉबेरीसारखा वर येतो आणि पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढतो. अंगावर इतरत्र असेल तर तो पुढे आपोआप ओसरतो, पण कमरेच्या मधोमध एका इंचाहून मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवावा.

मावशींचा तेलाचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. मालीश अवश्य करावे, फक्त खळीत तेल, हळद, डाळीचे पीठ किंवा पावडर भरून ठेवू नये. शी लागली की कोमट पाण्याने धुऊन मऊ धुवट कापडाने टिपावे, एवढेच पुरते. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. डाग जावा म्हणून एका बाळाच्या कमरेवर बिब्ब्याचे ठिपके दिलेले होते. बिब्ब्याचे तेल मोठ्या माणसाची कातडी फोडते. त्या बाळाच्या कमरेवर निळा डाग तर तसाच होता आणि त्यावर तीन फोड आले होते. त्या घरातली माणसे वाईट नव्हती. आपल्याला हे कोणी सांगितले नाही, असे ती म्हणत होती, आणि ते खरेच होते.

निपाणीकर

सिस्टर, आपण लिहिलेले वाचून विचारावेसे वाटते की, आशाताईंना किंवा सरकारी तपासणीत पाठ पाहण्याची काही सक्ती आहे का?

चिकोडीची_सिस्टर

आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यातील जन्मजात दोषांच्या यादीत मज्जानलिकेचा दोष पहिल्याच क्रमांकावर आहे. बाळाला डोक्यापासून पायापर्यंत, पुढून आणि मागून पाहायचे असते. प्रत्यक्षात थंडीच्या दिवसांत बाळ दुपट्यात गुंडाळलेले असते, आजी ते सोडू देत नाही आणि पाठ पाहायची राहून जाते. म्हणून मला या धाग्यातल्या काकूंचे मोल अधिक वाटते. बाळाला नडग्यांवर पालथे घेतले की पाठ ताणली जाते, कुल्ले आपोआप सैल होतात आणि फट उघडते. तपासणीच्या टेबलावर आम्ही जे करायला धडपडतो ते पाटावर रोज सकाळी होत असते. न्हाऊ घालणाऱ्या बाईला काय पाहायचे एवढे माहीत असले आणि न्हाणीत उजेड असला तर बरेच साधेल.

दुसऱ्यांदा दिवस राहण्याचा विचार असणाऱ्यांसाठी एक वाक्य. मज्जानलिका मिटते ती गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे पाळी चुकल्याचे जेमतेम लक्षात येते तोवर. म्हणून फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा बरीच मोठी असते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आज चौदावा दिवस. आशाताई आल्या तेव्हा मी भावाला मुद्दाम थांबवून घेतले होते, त्यामुळे या वेळी कुळाची चर्चा झाली नाही. न्हाणीत न जाता आम्ही ओसरीवर, सकाळच्या उन्हात पाट मांडला. काकूंनी बाळाला पालथे घेतले, आशाताईंनी फट उघडली, मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप धरली. गुदद्वारापासून अंतर दीड सेंटिमीटर भरले. तोंड मसुराच्या दाण्याहून लहान आहे. न्हाणीत जो खळगा अथांग वाटला होता त्याचा तळ उन्हात स्वच्छ दिसला, इतर कातडीसारखाच गुलाबी. केस, गाठ, ओल यांपैकी काही नाही. निळा डाग तसूभरही बदललेला नाही आणि दाबल्यावर बाळाने त्याची दखलही घेतली नाही.

ही सगळी मापे आशाताईंनी कार्डावर कन्नडमध्ये लिहिली, त्याखाली मी मराठीत लिहिले आणि डागाचा फोटो तारखेसह काढून ठेवला. तरीही एकदा प्रत्यक्ष दाखवावे म्हणून तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना दुपारी फोन केला. त्यांनी मापे ऐकून घेतली, खळी भरलेली नाही ना, असे विचारले आणि सहाव्या आठवड्यात लसीला आणाल तेव्हा मी पाहतो, तोवर ताप, ओल किंवा पायांत फरक वाटला तर त्याच दिवशी या, असे सांगितले.

आजी अजून सटवाईवर ठाम आहे. काकूंनी मात्र टेप आपल्याकडे मागून घेतली आहे, कारण पुढच्या आठवड्यात त्यांना आणखी दोन घरी न्हाऊ घालायला जायचे आहे.

शहापूरची_मावशी

मीही सुनेच्या बाळंतविड्यात टेप ठेवली आहे.